उपचार बरहुकूम होतो काय?

मंचरच्या किंवा आळेफाट्याच्या बाजारात कांद्याच्या गोण्या घेऊन गेलेला शेतकरी काट्यावरून नजर ढळू देत नाही. तोलात तफावत दिसली की तो हटकतो, पुन्हा तोलावयास लावतो, आणि त्याचे हे करणे कोणासही वावगे वाटत नाही. घरची गृहिणी दुधाचे माप पाहून घेते. मुलाच्या शाळेचे प्रगतिपुस्तक आले की वडील प्रत्येक विषयाचे गुण निरखून पाहतात. परंतु त्याच घरातील वीस वर्षांच्या मुलाच्या मनाचा तोल ढळला आणि आईबाप त्यास घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढले, म्हणजे मोजण्याची ही सारी सवय ते खालीच ठेवून जातात. जे मिळेल ते आपले भाग्य, असे मानून ते हात जोडून उभे राहतात. अशा वेळी मिळणारा उपचार खरोखर उपचाराच्या नमुन्याबरहुकूम होतो की नाही, हे मोजता येते काय? येते, आणि ते कसे, हेच आज आम्ही वाचकांपुढे मांडणार आहोत.

ज्या आजाराविषयी आम्ही बोलत आहोत त्यास वैद्यक सायकोसिस म्हणते. त्यात माणसाचा वास्तवाशी असलेला धागा तुटतो. कोणी नसता आवाज ऐकू येतात, शेजारी आपल्यावर पाळत ठेवून आहेत असा पक्का ग्रह होतो, बोलण्यातील संगती जाते, अंघोळ-जेवणाचे भान राहत नाही. स्किझोफ्रेनिया हा या वर्गातील सर्वांत परिचित आजार. तो बहुधा पंधरा ते तीस या वयात, म्हणजे नेमका शिक्षण, नोकरी आणि विवाह यांच्या उंबरठ्यावर, डोके वर काढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने सुमारे तीनशे माणसांत एकास स्किझोफ्रेनिया असतो. 2011 च्या जनगणनेत जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांची लोकसंख्या मिळून सव्वासहा लाखांच्या वर भरली. जगाचे प्रमाण येथे लावले तर या दोन तालुक्यांतच असे दोन हजारांच्या आसपास लोक असावयास हवेत. हा आकडा ढोबळ आहे. परंतु ही गोष्ट क्वचित कोठे घडणारी नव्हे, एवढे त्यावरून निश्चित कळते.

मग ही माणसे आहेत कोठे? काही देवऋष्याच्या अंगणात आहेत, काही माडीवरच्या बंद खोलीत. खेड्यातील अडाणी माणूसच तेवढा अंगारेधुपारे करतो आणि आपली सुशिक्षित घरे शास्त्राची कास धरतात, असा आपला समज असतो. तो खरा नाही. आपल्या घरी अंगाऱ्याच्या जागी पत्रिका येते, साडेसाती येते, 'अभ्यासाचा ताण झाला' हे वाक्य येते. आणि सर्वांत घातक म्हणजे 'दोनाचे चार हात झाले की ताळ्यावर येईल' ही आशा येते. आजार लपवून लावलेल्या अशा लग्नात एका घराचे दुःख दोन घरांचे होते, आणि परक्या घरची एक निरपराध मुलगी त्यात भरडली जाते. अब्रू राखण्यासाठी घातलेला हा पडदा उपचाराचा सर्वांत मोलाचा काळ गिळून टाकतो. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 साली केलेल्या देशव्यापी पाहणीत निरनिराळ्या मानसिक विकारांचे 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारावाचून असल्याचे आढळले. ती पाहणी बारा राज्यांत झाली व त्यांत महाराष्ट्र नव्हता. तथापि आपली स्थिती फार निराळी असेल असे मानण्यास आधार नाही.

हा काळ एवढा मोलाचा का? आजार प्रथम प्रकट झाल्यापासून योग्य उपचार सुरू होईपर्यंत जितका अवधी जातो, तितकी पुढील सुधारणा मंद व अपुरी होते, असे अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे. म्हणूनच गेल्या तीसपस्तीस वर्षांत या पहिल्या झटक्यासाठी स्वतंत्र सेवा उभ्या राहिल्या. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे 1992 साली पॅट्रिक मॅकगोरी यांच्या पुढाकाराने अशी सेवा सुरू झाली. डेन्मार्कमध्ये 1998 ते 2000 या काळात 547 तरुण रुग्णांवर असाच प्रयोग झाला. दोन वर्षांच्या अखेरीस विशेष सेवा घेणारे रुग्ण नेहमीचा उपचार घेणाऱ्यांहून बरे होते. अमेरिकेत 21 राज्यांतील 34 दवाखान्यांत 404 रुग्णांचा प्रयोग झाला, त्याचेही फळ अनुकूल आले. मात्र जे लवकर आले त्यांस लाभ अधिक झाला. त्या रुग्णांतील मध्यम रुग्ण उपचारापूर्वी 74 आठवडे, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष, तसाच राहिला होता. धनाढ्य अमेरिकेची ही कथा, तर सह्याद्रीच्या कुशीतल्या गावाची काय असेल! पुढे 2018 साली अशा दहा प्रयोगांतील 2176 रुग्णांचा एकत्र विचार प्रसिद्ध झाला, आणि लक्षणे, पुन्हा दाखल होण्याची पाळी, शिक्षण-नोकरी इत्यादी सर्व अंगांनी आरंभीची विशेष सेवा सरस ठरली.

ही सेवा म्हणजे केवळ गोळी नव्हे, हे ध्यानात घेतले पाहिजे. तिची अंगे अनेक आहेत. विलंब न लावता पहिली भेट, सविस्तर तपासणी, पहिल्या झटक्यास योग्य अशी औषधाची माफक मात्रा, त्या औषधाने वजन व रक्तातील साखर वाढते काय यावर नजर, रुग्णास व कुटुंबास आजाराची नीट समज देणे, भास व संशय यांच्याशी कसे वागावे याचे संभाषणातून शिक्षण, कॉलेज किंवा काम पुन्हा सुरू करण्यास हात देणे, आणि या सर्वांची खबर ठेवणारा एक ठरलेला माणूस, जो रुग्ण आला नाही तर त्याचा शोध घेतो. ही अंगे मिळून उपचार होतो. प्रयोगांत जो गुण आला तो या समुदायास आला, त्यातील एखाद्या सुट्या तुकड्यास नव्हे.

येथेच मोजमापाची गरज उत्पन्न होते. एखादी गोष्ट एका ठिकाणी यशस्वी झाली की तिचे नाव झपाट्याने पसरते. अंगे मात्र वाटेत गळत जातात. फलक नवा लागतो आणि आत पूर्वीचीच रांग, पूर्वीचीच चार मिनिटांची भेट व पूर्वीचीच चिठ्ठी चालू राहते. वर्षाअखेर गुण आला नाही की लोक म्हणतात, ती पद्धतच फोल. वस्तुतः ती पद्धत तेथे कधी झालीच नव्हती! आपल्या पूर्वजांस हा धोका पुरता ठाऊक होता. वेदाचा मूळ पाठ जसाच्या तसा राहावा म्हणून त्यांनी पदपाठ केला, क्रम केला, जटा व घन यांसारख्या विकृती रचल्या. घनपाठी तेच शब्द सुलट, उलट व पुन्हा सुलट म्हणतो, ते पाठांतराचे प्रदर्शन म्हणून नव्हे. एक अक्षर सरकले तर ते तेथल्या तेथे उघडे पडावे म्हणून. उपचाराच्या बाबतीतही मूळ पाठ व चालू पाठ ताडून पाहण्याची अशीच सोय हवी होती.

ती कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाचे मनोविकारतज्ज्ञ डोनल्ड ॲडिंग्टन व त्यांचे सहकारी यांनी केली. उपलब्ध पुरावे चाळून आणि तज्ज्ञांचे एकमत घेऊन त्यांनी 2016 साली 31 कलमांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. प्रत्येक कलमास 1 ते 5 असे गुण. पाच म्हणजे नमुन्याबरहुकूम, एक म्हणजे नाममात्र. हे गुण केंद्रप्रमुखाच्या तोंडच्या सांगण्यावरून द्यावयाचे नसतात. तपासनीस रुग्णांची कागदपत्रे काढून पाहतात, काम करणाऱ्यांस विचारतात, रुग्ण व नातेवाईक यांच्याशी बोलतात. 'आम्ही कुटुंबीयांस मार्गदर्शन करतो' या वाक्यास गुण नाहीत. किती कुटुंबांस ते प्रत्यक्ष मिळाले, यास गुण आहेत. कॅल्गरीचे नाव महाराष्ट्रास या संदर्भात अपरिचित नसावे. त्याच विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले जगन्नाथ वाणी यांनी स्वतःच्या घरातील आजाराच्या अनुभवातून पुण्यास स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था काढली. 2004 सालचा 'देवराई' हा मराठी चित्रपट तिच्याच प्रयत्नातून लोकांपुढे आला.

आता ही मोजपट्टी घेऊन आपण आपल्या मुलखात उतरू. दोन मुलगे कल्पनेने डोळ्यांपुढे आणावे. एक जुन्नरच्या पेठेतील सुखवस्तू घरातला, पुण्यास अभियांत्रिकी शिकणारा. दिवाळीस घरी आला तो परत जाण्याचे नाव घेईना, खिडकीस कागद चिकटवून बसू लागला. दुसरा आंबेगावच्या पश्चिमेस, डिंभे धरणाच्या वरच्या अंगास, आहुप्याच्या वाटेवरील महादेव कोळी कुटुंबातला. रात्री उठून रानात जाऊ लागला, कोणी हाका मारते म्हणू लागला. पहिल्याच्या दारी मोटार आहे. दुसऱ्यास घोडेगाव किंवा मंचर गाठण्यास दिवसाची मजुरी बुडवावी लागते, आणि पावसाळ्यात घाटाकडची वाट केव्हा बंद पडेल याचा नेम नाही. मोजपट्टी दोघांस एकच.

पहिला प्रश्न : कोणी कळविल्यापासून पहिली भेट किती दिवसांत झाली? इंग्लंडमध्ये 2016 पासून असा दंडकच आहे की, अशा रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांचा मान्य उपचार दोन आठवड्यांच्या आत सुरू झालाच पाहिजे. पुढे हे प्रमाण आणखी वाढविण्यात आले. दुसरा प्रश्न : पहिल्या तपासणीत आईवडिलांस विचारले काय, की मुलास आत नेऊन त्यांस बाहेर बाकावर बसविले? तिसरा : औषध सुरू करताना वजन व रक्त तपासले काय, आणि पुढे तपासत राहिले काय? चौथा : दोन औषधांनी गुण न आल्यास क्लोझापीनचा विचार होतो काय? हे औषध वेळच्या वेळी रक्त तपासून द्यावे लागते. रक्त तपासण्याची सोय नसेल, तर इतर औषधांनी न हटणाऱ्या आजाराचे दार त्या ठिकाणी बंदच राहिले असे समजावे. पाचवा : पेठेतील मुलाचे कॉलेज आणि कोळीवाड्यातील मुलाची शेती-मजुरी पुन्हा सुरू व्हावी म्हणून कोणी काही केले काय? सहावा : तो ठरल्या तारखेस आला नाही, तर कोण त्याच्याकडे गेले? पहिल्या प्रश्नात पेठेतील मुलगा सहज गुण मिळवील. सहाव्यात बहुधा दोघेही नापास होतील. कारण न आलेल्या रुग्णाची नोंद कोणत्याही रांगेत दिसत नाही.

यावर कोणी म्हणेल, मेलबर्न-कॅल्गरीचे माप आमच्या डोंगरास काय कामाचे? तेथे एकेका केंद्रात मानसशास्त्रज्ञ, परिचारिका, समाजसेवक यांचा ताफा. येथे एकच तज्ज्ञ ठराविक दिवशी येणार. आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यास परदेशी जावयास नको. 2009 व 2010 या सालांत महाराष्ट्रात सातारा, तसेच गोवा व तामिळनाडू अशा तीन ठिकाणी डॉ. सुदीप्तो चॅटर्जी व सहकाऱ्यांनी एक प्रयोग हाती घेतला. त्याचा वृत्तांत 2014 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात आला. स्किझोफ्रेनियाचे 282 रुग्ण घेतले. काहींस दवाखान्यातील नेहमीचा उपचार दिला. इतरांस त्याखेरीज, शिकवून तयार केलेले स्थानिक कार्यकर्ते घरी जाऊन वर्षभर मदत करीत राहिले. औषध नियमित घेणे, आजाराची समज, दैनंदिन कामे, सरकारी सवलती मिळवून देणे, असे त्यांचे काम ठरवून दिलेले होते व त्यांवर देखरेख होती. वर्षाअखेर घरपोच मदत घेणाऱ्यांची लक्षणे व परावलंबन थोडे अधिक घटले. मात्र परावलंबनातील लाभ मुख्यतः तामिळनाडूत दिसून आला. सर्व ठिकाणी सारखा नाही.

हे रुग्ण पहिल्या झटक्याचे नव्हते, बहुतेक जुने होते, हे सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. लाभही माफक होता. परंतु या प्रयोगाने दोन गोष्टी शिकविल्या. पहिली, पदवीधर तज्ज्ञाचे प्रत्येक काम तज्ज्ञानेच केले पाहिजे असे नाही. गावची, शिकलेली, देखरेखीखालील बाई किंवा पुरुष त्यातील बरेचसे करू शकतो. दुसरी, एकच नमुना तीन ठिकाणी नेला तर तीन निरनिराळी फळे येऊ शकतात. म्हणून फळ मोजताना काम कितपत बरहुकूम झाले हेही मोजलेच पाहिजे. तसे न केले तर दोष नमुन्याचा, कामाचा की परिस्थितीचा, हे कधीच कळावयाचे नाही.

तेव्हा बदल करावा. पण कशात करावा व कशात करू नये, हे आधी ठरवावे. भेट कोण देतो हे बदलता येईल; भेट होणे बदलता येणार नाही. कुटुंबाचे शिक्षण सभागृहात न होता ओसरीवर झाले तर बिघडत नाही. ते गाळले तर बिघडते. याबाबतीत आपली एक शिल्लक मोठी आहे. चेन्नईची स्कार्फ संस्था व कॅनडातील माँट्रिऑल येथील सेवा यांची तुलना झाली, तेव्हा मधूनच उपचार सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण चेन्नईत फारच कमी आढळले; कारण तेथे घरची माणसे उपचारात अधिक गुंतलेली होती. जे कुटुंब लज्जेपोटी पडदा घालते, तेच समज मिळाल्यावर उपचाराचा सर्वांत भक्कम खांब होते.

मोजपट्टीचेही दोष आहेत. जेथे गुण आले तेथे गुणांसाठी कागद रंगविणे आले, हे परीक्षांच्या देशात कोणास सांगावयास हवे? शिवाय सर्व कलमांत पूर्ण गुण मिळाले म्हणून रुग्ण बरा झालाच असे नव्हे. रोजगार मिळवून देणाऱ्या सेवांच्या बाबतीत, नमुन्याशी अधिक एकनिष्ठ असणाऱ्या केंद्रांतील रुग्णांस कामे अधिक मिळाली, असे वारंवार दिसून आले आहे; इतर अंगांविषयी असे खात्रीने सांगण्यास अजून पुष्कळ अभ्यास हवा. आणि डेन्मार्कच्या प्रयोगात दोन वर्षांचा लाभ पाचव्या वर्षी बराचसा ओसरला होता, हेही विसरू नये. उपचार संपला म्हणजे गरज संपली असे नाही. म्हणून गुण हे कोणास शिक्षा किंवा शाबासकी देण्यासाठी नसून, कोणते अंग लंगडे आहे ते कळावे यासाठी आहेत. तपासनीस बाहेरचा असावा, आणि निकाल रुग्णांच्या घरच्यांसही दाखवावा, एवढी पथ्ये पाळली तर ढोंगास जागा कमी राहते.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात 1996 साली सुरू झाला. कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यातील प्रयोग हा त्याचा नमुना. त्याच्या आराखड्यात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक व परिचारिका यांची योजना आहे. मंचरास उपजिल्हा रुग्णालय आहे, जुन्नर व घोडेगाव येथे ग्रामीण रुग्णालये आहेत, गावोगाव आशा कार्यकर्त्या आहेत. म्हणजे सांगाडा आहे. किती रुग्ण तपासले, हा आकडा वरच्या कार्यालयास धाडणे सोपे असते. त्याऐवजी पहिल्या झटक्याचे किती रुग्ण किती दिवसांत आले, त्यांतील किती वर्षाअखेर उपचारात टिकले, आणि किती पुन्हा कामास लागले, एवढे तीन आकडे जरी या दोन तालुक्यांत दरवर्षी प्रामाणिकपणे लिहिले गेले, तरी पहिली पायरी झाली असे आम्ही म्हणू.

आणि घराने काय करावे? 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो 2018 च्या मे महिन्यात अमलात आला, सरकारी खर्चाने चालणारी मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे, आणि रुग्णास साखळीने बांधून ठेवण्यास मनाई केली आहे. हक्क आहे म्हणजे विचारण्याचाही अधिकार आहे. 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर मराठीत सल्ला मिळतो. 2022 पासून ही सोय चालू आहे. मुलाच्या वागण्यात पालट दिसला त्या दिवसाची तारीख घरात एका वहीत लिहावी. तिच्याखाली पहिल्या भेटीची तारीख, औषधाचे नाव व मात्रा, वजन आणि पुढील भेट. वर दिलेले सहा प्रश्न त्याच वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्यावे व डॉक्टरांस नम्रपणे पण निश्चयाने विचारावे. चांगला डॉक्टर त्याने रागावत नाही. त्यास आपले काम सोपे झाल्यासारखेच वाटते.

मात्र त्या वहीतील पहिल्या दोन तारखांमधील अंतर हे आपल्या स्वतःच्या वर्तनाचे माप आहे. तेथे दोष दवाखान्यावर ढकलता येत नाही. लोक काय म्हणतील, बहिणीचे लग्न व्हावयाचे आहे, परीक्षा होऊन जाऊ दे, अशा कारणांनी ते अंतर आठवड्यांचे महिने व महिन्यांची वर्षे होते. आणि खिडकीस कागद लावून बसलेला मुलगा त्या प्रत्येक दिवसाची किंमत आपल्या पुढच्या आयुष्यातून मोजीत असतो. दवाखान्याची परीक्षा घेण्याचा अधिकार आपणांस जरूर आहे. तो बजावण्यापूर्वी हे एक कलम आपल्या घराने उत्तीर्ण व्हावे, एवढीच आमच्या वाचकांस विनंती.